ऑस्टर्ली पार्क: आईबाबांना घेऊन सावकाश फिरण्यासारखी जागा

रानजाई

मे उजाडला की इथे तोच प्रश्न वर येतो. गावाकडून आईबाबा आलेत, लंडनमध्ये त्यांना कुठे न्यावं? उत्तरंही ठरलेली: टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस, मेणाचे पुतळे, एखाद्या दिवशी बसने स्टोनहेंज. सगळं दाखवावं, नाही म्हणत नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ट्यूबचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, जिने चढायला लावून आणि तासभर रांगेत उभं करून जे दाखवतो, त्यातलं त्यांच्या मनात किती उरतं? माझं म्हणणं एवढंच, की त्या यादीतलं एक काहीतरी कमी करा आणि एक अख्खी दुपार ऑस्टर्ली पार्कला द्या. पश्चिम लंडनमधल्या आपल्या लोकांच्या तर हे दारात आहे. तरीही हाउन्स्लो, साउथॉल, ईलिंगला वर्षानुवर्षं राहून तिथे कधीच न गेलेली मराठी कुटुंबं मला सतत भेटतात.

ऑस्टर्ली म्हणजे जुन्या धनिकांची गावाबाहेरची इस्टेट. आता लंडन तिच्या चारही बाजूंनी पसरलंय, पण आत गेल्यावर ते जाणवत नाही. मधोमध लाल विटांचा वाडा, भोवती बाग, तळी, कुरणं, थोडी शेती. सगळं मिळून साडेतीनशे एकरांच्या आसपास. १९४९ साली जर्सीच्या नवव्या अर्लने (अर्ल म्हणजे इथला उमराव) ही जागा नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुने वाडे-बागा जपणाऱ्या संस्थेला दिली. पार्कात फिरायला पैसे पडत नाहीत. वाडा आणि राखीव बाग यांना तिकीट आहे, ट्रस्टचे सभासद असाल तर तेही नाही.

जर्सी रोडवरच्या फाटकातून आत शिरलं की दुतर्फा झाडांचा सरळ, सपाट रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना कुंपणाआड कुरण, त्यात गाई आणि घोडी चरत असतात. माझ्या सासऱ्यांची तासगावला शेती आहे. ते या रस्त्यावरच रमले. गाईंची कास बघ, गोऱ्ह्याच्या पाठीचा भरीवपणा बघ, कुंपणाचे खांब किती अंतरावर रोवलेत ते मोज. वाडा अजून दिसलासुद्धा नव्हता. मी घाई केली नाही. त्यांना लंडनमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच असं काही दिसत होतं ज्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

पुढे तळं आणि पाण्यापलीकडे वाडा. चार कोपऱ्यांना चार मनोरे, आणि समोरच्या बाजूला मधोमध भिंतच नाही, नुसते उंच पांढरे खांब. त्यातून आरपार आतलं अंगण दिसतं. तळ्याकाठी लेबनॉनचे देवदार आहेत, त्यांच्या फांद्या एकावर एक मांडलेल्या परड्यांसारख्या आडव्या पसरलेल्या. सावलीत बाकं आहेत. पाण्यात हंस, बदकं, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी.

आणि पोपट! हे मुद्दाम सांगते. सासूबाई बाकावर बसल्या होत्या, एकदम मान वर करून म्हणाल्या, "अगं, हा आपला राघू ओरडतोय." मी म्हटलं, बघा वरती. ओकच्या ढोलीतून हिरवंगार डोकं बाहेर, लाल चोच, गळ्याला गुलाबी-काळा कंठ. आपल्याकडे पेरूच्या बागेत उतरतो तोच कंठवाला पोपट, जातही तीच. पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटांची पिल्लावळ गेली पन्नासेक वर्षं पश्चिम लंडनमध्ये सुखाने नांदतेय. सासूबाई नंतर किती तरी वेळ ती ढोली सोडून उठल्या नाहीत. एक पोपट आत गेला, दुसरा बाहेर आला, पहिल्याने चोचीने त्याच्या डोक्यावरची पिसं सारखी केली. सगळं त्यांनी मला तपशिलात ऐकवलं, मी शेजारीच बसलेली असून.

कोणी नेलंय का तुमच्या घरच्यांना? आणखी अशा सपाट, निवांत जागा माहीत असतील तर तेही लिहा.

खडीसाखर

किती छान लिहिलंस गं. अगदी वेळेवर धागा आला. माझी आई पुढच्या आठवड्यात येतेय, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. चालते, पण चढ-उतार आणि खडबडीत जमीन असली की घाबरते. तिथे रस्ते कसे आहेत? बसायला जागा किती अंतरावर? स्वच्छतागृह? आणि डबा नेलेला चालतो का, की तिथलंच काही घ्यावं लागतं? आई बाहेरचं खात नाही.

रानजाई

खडीसाखर, बिनधास्त ने. फाटकापासून वाड्यापर्यंत आणि मधल्या तळ्याच्या कडेने रस्ता पक्का आहे, चढ जवळजवळ नाहीच. बाकं भरपूर. फक्त कुरणाच्या कडेने जाणारी लांबची वाट आहे ती मातीची. पावसानंतर तिथे चिखल होतो, तिकडे नेऊ नकोस. स्वच्छतागृहं जुन्या तबेल्यांपाशी आहेत, कॅफेही तिथेच. हे तबेले ट्यूडर काळातले, सोळाव्या शतकातले आहेत, म्हणजे आजच्या वाड्याच्या रूपापेक्षाही जुने, तेव्हा चहा घेताना विटांकडे बघ.

डबा खुशाल ने. तळ्याकाठच्या गवतावर चटई टाकून लोक जेवतात. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी नेली होती. हंसांना मात्र पोळीचे तुकडे टाकू देऊ नकोस आईला. मन मोडतं, पण त्यांच्या पोटाला ते बरं नाही.

वाड्याच्या आत जायचं असेल तर समोर रुंद पायऱ्या आहेत, तेवढ्या लक्षात ठेव. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांच्यासाठी काय सोय आहे ते आधी फोन करून विचारलेलं बरं. वाडा रोज उघडा नसतो, तेही वेबसाइटवर बघूनच निघ.

टेम्सकाठचा

ट्यूबने येणाऱ्यांसाठी: पिकॅडिली लाइन, ऑस्टर्ली स्टेशन. लिफ्ट आहे, जिना चढावा लागत नाही. बाहेर पडून ग्रेट वेस्ट रोडला लागायचं आणि थॉर्नबरी रोडने सरळ जर्सी रोडच्या फाटकापर्यंत. स्टेशनपासून वाड्यापर्यंत सगळं मिळून मैलभर चालणं आहे. गुडघेवाल्यांनी गाडीच काढावी, गाडीतळ आतच आहे.

थॉर्नबरी रोडवर एक जुनी, बसकी इमारत लागते. ते ऑस्टर्लीचं पहिलं स्टेशन. १८८३ साली सुरू झालं, १९३४ साली आत्ताचं मनोऱ्याचं स्टेशन बांधल्यावर बंद पडलं. बरीच वर्षं तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान चालत आलंय. दार उघडं दिसलं तर मी तरी कधी तसाच पुढे गेलेलो नाही.

एक गोष्ट लिहायला हवी: उत्तरेच्या टोकाला एम-४ मोटरवे इस्टेट चिरत जातो. साठच्या दशकात बांधला. त्या बाजूला गेलं की गाड्यांची घरघर चालूच असते. शिवाय हीथ्रोची विमानं. शांत गावाची अपेक्षा ठेवून कोणी येऊ नये. वाड्याच्या दक्षिणेला आणि बागेत आवाज बराच कमी होतो.

बोरूबहाद्दर

धाग्याबद्दल रानजाईताईंचे आभार. या वाड्याचा इतिहास म्हणजे पैशाचाच इतिहास आहे, आणि फिरताना तो बरोबर असला तर पावलोपावली काहीतरी दिसतं, म्हणून थोडं लिहितो.

पहिला वाडा १५७० च्या दशकात सर टॉमस ग्रेशमने बांधला. लंडनचं रॉयल एक्स्चेंज, म्हणजे व्यापाऱ्यांची पेठ, उभं करणारा तो हाच. राणी एलिझाबेथ पहिली इथे उतरली होती. गोष्ट अशी सांगतात की राणी सहज म्हणाली, अंगण फार मोठं आहे, मधे भिंत असती तर शोभलं असतं. ग्रेशमने रातोरात लंडनहून गवंडी बोलावले आणि सकाळी राणी उठून बघते तर भिंत तयार! खरंखोटं ग्रेशमला ठाऊक, पण सावकार राज्यकर्त्यांना कसे सांभाळतात ते त्यातून नेमकं कळतं.

पुढे ही जागा निकोलस बार्बन नावाच्या बांधकाम व्यावसायिकाकडे गेली. लंडनच्या १६६६ च्या आगीनंतर शहर बांधून काढणाऱ्यांत तो पुढे होता, आगीचा विमाही त्यानेच रूढ केला. त्याने इस्टेट गहाण टाकली, कर्ज फिटलं नाही, आणि १७१३ साली ती सर फ्रान्सिस चाइल्ड या सराफाच्या पेढीकडे आली. हा फ्रान्सिस विल्टशरमधल्या कापडवाल्याचा मुलगा, सोनाराकडे उमेदवारी करत वर चढला आणि लंडनचा लॉर्ड मेयर झाला. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर सावकाराने गहाणातला वाडा ताब्यात घेतला.

आज दिसतो तो वाडा मात्र रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुरचनाकाराचा. चाइल्डच्या नातवाने, त्याचंही नाव फ्रान्सिस, १७६१ साली त्याला काम दिलं. हा नातू दोन वर्षांत ऐन तारुण्यात गेला. धाकटा भाऊ रॉबर्ट चाइल्ड याने ते काम पुढे नेलं. तळ्यापलीकडून जे आरपार खांब दिसतात ते अ‍ॅडमचंच डोकं: जुन्या वाड्याची एक बाजू मोकळी करून तिथे त्याने ग्रीक देवळासारखी दुहेरी खांबांची ओळ उभी केली. १७७३ साली होरेस वॉलपोल हा लेखक इथला वाडा बघून गेला आणि त्याने पत्रात लिहिलं, राजवाड्यांचा राजवाडा!

आत गेलात तर जिन्यावरच्या छताकडे बघा. तिथे मुळात रूबेन्स या नामांकित चित्रकाराचं चित्र होतं. ते वाड्यातून हलवून जर्सी बेटावर नेलं आणि १९४९ साली तिथल्या आगीत जळालं. आता दिसते ती नक्कल.

मोगरी

बोरूबहाद्दर, रॉबर्ट चाइल्डच्या मुलीची गोष्ट राहिली की! ती मी सांगते.

रॉबर्टला एकुलती एक मुलगी, सारा अ‍ॅन. तिच्यावर वेस्टमोरलँडच्या दहाव्या अर्लचं मन बसलं. अर्ल असला तरी चाइल्डला तो जावई नको होता. त्याला पेढीचं नाव पुढे चालवणारा कोणी हवा होता. असं सांगतात की अर्लने जेवणाच्या टेबलावर त्यालाच सहज विचारलं, तुमचं एखाद्या मुलीवर प्रेम असेल आणि तिचा बाप नाही म्हणत असेल, तर काय कराल? चाइल्ड म्हणाला, पळवून नेईन. १७८२ च्या मे महिन्यात दोघं पळाली, थेट स्कॉटलंडच्या हद्दीवरच्या ग्रेटना ग्रीनला, जिथे पळून आलेल्यांची लग्नं लागत. बाप घोडागाडी घेऊन मागे. वाटेत गाठलंही, तेव्हा अर्लच्या बाजूने चाइल्डच्या गाडीचा घोडा गोळी घालून पाडला म्हणतात.

लग्न झालं. बापाने मृत्युपत्र बदललं आणि त्याच वर्षी तो वारला. इस्टेट आणि पेढी मुलीला नाही, तिच्या थोरल्या मुलालाही नाही. म्हणजे वेस्टमोरलँड घराण्याच्या हातात काही पडायला नको. ते सगळं शेवटी नातीला मिळालं, सारा सोफियाला, जिचा जन्म आजोबांच्या मृत्यूनंतरचा, १७८५ चा. तिने जर्सीच्या पाचव्या अर्लशी लग्न केलं आणि ऑस्टर्ली जर्सी घराण्यात आलं. पण मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं: ही बाई १८०६ पासून १८६७ मध्ये मरेपर्यंत चाइल्ड बँकेची मुख्य भागीदार होती. साठ वर्षं! ज्या काळात इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईच्या नावावर स्वतःची कमाईसुद्धा राहत नसे, त्या काळात. आपण पळून गेलेल्या आईची गोष्ट चवीने सांगतो आणि पेढी चालवणाऱ्या लेकीला विसरतो.

आणि रॉबर्टची बायको, तीही साराच. तिने इथे देशोदेशीचे पक्षी पाळले होते. विल्यम हेज नावाच्या चित्रकाराने एकेका पक्ष्याचं चित्र काढलं आणि ती चित्रं १७९० च्या दशकात छापलीही गेली. तिच्या नावाची फुलबाग राखीव बागेत पुन्हा जशीच्या तशी लावली आहे. रानजाईच्या सासूबाईंना सांगायला हवं, की या बागेत दूरदेशीच्या पाखरांची हौस अडीचशे वर्षं जुनी आहे.

दुर्गभटक्या

सगळं वाचलं. लिहिलंय सुंदर. पण मला एक खुपतंय आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. या चाइल्ड लोकांचा पैसा ईस्ट इंडिया कंपनीचा. मुंबईत मोगलांशी लढाई उकरून काढणारा जोशाया चाइल्ड याच घराण्यातला ना? सिद्दी याकूतने १६८९ साली मुंबईच्या किल्ल्याला वेढा घातला तो त्याच्याच धोरणापायी. मग त्यांच्या तळ्याकाठी बसून दशम्या खायच्या आणि वा वा म्हणायचं, हे माझ्या पचनी पडत नाही.

बोरूबहाद्दर

दुर्गभटक्या, प्रश्न योग्य आहे, पण माणूस वेगळा. जोशाया चाइल्ड कंपनीचा सर्वेसर्वा होता, मोगलांशी युद्धाचं धोरण त्याचंच, हे बरोबर. पण त्याची इस्टेट पूर्व लंडनला, वॉन्स्टेडला. तिथला प्रचंड महाल पुढच्या पिढ्यांच्या कर्जापायी १८२० च्या दशकात पाडून विकला गेला. आता नुसतं पार्क उरलंय. त्याच वेळी मुंबईत कंपनीचा मुख्य अधिकारी होता सर जॉन चाइल्ड. नावांच्या सारखेपणामुळे ही सगळी मंडळी एकात एक मिसळली जातात.

ऑस्टर्लीचे चाइल्ड म्हणजे सराफ. पण त्यामुळे ते कंपनीपासून लांब होते असं अजिबात नाही. पहिल्या फ्रान्सिसचा मुलगा सर रॉबर्ट कंपनीचा संचालक होता, पुढे अध्यक्ष झाला. त्याचा भाऊही संचालक. कंपनीचे समभाग घरात पिढ्यान्‌पिढ्या होते. कंपनीच्या एका जहाजाचं नावच ‘ऑस्टर्ली’ होतं. वाड्यात आजही चिनी मातीची भांडी आहेत, ज्यांवर चाइल्ड घराण्याचं चिन्ह चीनमध्ये रंगवून घेतलंय. लाखकामाचा पडदाही तसाच. ही कंपनीच्या जहाजांतून आलेली श्रीमंती. तेव्हा तुमचा मुद्दा उभाच राहतो, फक्त मुंबईच्या वेढ्याचं खातं वॉन्स्टेडच्या नावावर टाका.

दुर्गभटक्या

माहितीबद्दल आभार. जहाजाचं नाव माहीत नव्हतं. पण मग प्रश्न तोच राहतो. सुरतेच्या, कोरोमंडलच्या विणकरांच्या हातचं कापड इथे इतकं खपलं, की १७२१ साली इंग्लंडला कायदा करून छापील सुती कापड अंगावर घालायला बंदी करावी लागली. नफा या वाड्यांत आला. विणकरांच्या झोपड्यांची आज वीटही शिल्लक नाही. आईबाबांना हे सांगून न्यायचं की न सांगता?

रानजाई

सांगूनच. मी सांगितलं. सासरे खांबांच्या त्या ओळीखाली उभे होते, वर बघत होते. मी म्हटलं, दादा, हे आपल्याकडच्या व्यापाराच्या पैशातूनही उभं राहिलंय. त्यांनी खांबाच्या तळाशी हात लावला, दगडाची सांध बघितली आणि म्हणाले, "काम चोख केलंय. ज्यांनी घडवलं ते गवंडीबी कुणाचे तरी मजूरच." मग विचारलं की आता इथे कोण राहतं. कोणी नाही, सगळ्यांसाठी उघडं आहे म्हटल्यावर जोरात मान हलवली. मला वाटतं त्यांनी तुमच्या प्रश्नाला माझ्यापेक्षा नीट उत्तर दिलं.

दुर्गभटक्या, तुमचा राग मला पटतो. पण न जाणं हे त्याचं उत्तर आहे असं मला वाटत नाही. ही जागा शेकडो वर्षं मोजक्या लोकांसाठी होती. आज साउथॉलची पंजाबी आजी, हाउन्स्लोचे नेपाळी आजोबा, आपली मंडळी त्याच गवतावर बसतात. आपण बसायचं, आणि मुलांना पूर्ण गोष्ट सांगायची. विणकरांची, सराफांची, सगळी.

टेम्सकाठचा

यात १९४० ची गोष्ट टाकतो, कारण वाड्यातल्या माहितीफलकांपलीकडे ती फारशी कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन इंग्लंडमध्ये उतरतील अशी धास्ती होती. स्पेनच्या यादवीत फॅसिस्टांविरुद्ध लढून आलेल्या टॉम विंट्रिंगहॅमने तेव्हा याच पार्कात होमगार्डच्या, म्हणजे गावरक्षणासाठी पुढे आलेल्या साध्या नागरिकांच्या दलातल्या लोकांना गनिमी काव्याचं शिक्षण द्यायची शाळा काढली. रणगाडा कसा अडवायचा, घरगुती बॉम्ब, झाडीत लपणं. लपण्याची विद्या शिकवायला रोलंड पेनरोज हा चित्रकार होता! जर्सीच्या अर्लने परवानगी देताना म्हटलं होतं म्हणे, की कुठेही खणा, सुरुंग लावा, फक्त वाडा उडवू नका, बरीच वर्षं घराण्यात आहे. विंट्रिंगहॅम डाव्या विचारांचा, त्यामुळे सरकारला ही शाळा रुचली नाही आणि काही महिन्यांतच ती लष्कराने आपल्या हातात घेतली. मी तिथल्या कुरणातून जाताना दर वेळी हेच डोळ्यांपुढे आणतो: दुकानदार, कारकून, पोस्टमन गवतात पोटावर सरपटताहेत.

खडीसाखर

मी आईला गुरुवारी नेईन म्हणतेय. राखीव बागेचं तिकीट काढण्यासारखं आहे का, की बाहेरूनच पुरे?

मोगरी

आईंना झाडाफुलांची आवड असेल तर नक्की काढ. अ‍ॅडमने बांधलेलं अर्धगोल बागघर आहे, मोठ्या खिडक्यांचं, त्यात कुंड्यांमधून लिंबू-संत्र्याची झाडं ठेवतात. ऊन असेल तर तिथे पाच मिनिटं उभं राहा, फुलांचा वास येतो. शेजारी ग्रीक धाटणीच्या डोरिक खांबांचं छोटं देऊळ आहे, पॅन या ग्रीक देवाचं. भाजीपाल्याचा मळाही आहे भिंतीआड. माझी मावशी तिथे पालकाचे वाफे बघून माळ्याशी मराठीत बोलायला लागली होती आणि तो आनंदाने मान डोलवत होता. निळ्या ब्लूबेलची फुलं मात्र एप्रिल अखेरीला असतात, ती आता संपत आली असतील.

टेम्सकाठचा

आणि शनिवारी सकाळी जाणार असाल तर नऊला तिथे पार्करन, म्हणजे हौशी लोकांची सामूहिक धाव असते, त्या रस्त्यांवर पळणारे लोक भरपूर. काठी घेऊन चालणाऱ्यांनी दहानंतर यावं. गुरुवारी ती अडचण नाही. खडीसाखर, आईंसाठी पातळ शाल ठेव, तळ्यावरून वारा येतो.